वर दुखलं की खाली बघ

अगं, हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू 'हो मावशी, हो मावशी' करशील आणि ज्या रात्री गरज पडेल त्या रात्री नेमकं काही आठवणार नाही. म्हणून लिहिते आहे. हे कागद फायलीत घालू नकोस. त्याच्या पलंगाशेजारी भिंतीला खिळा असेल तिथे अडकवून ठेव.

माझ्या भाच्याला तू सोमवारी हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेतून घरी आणते आहेस. कूस कशी बदलायची, खुर्चीवर कसं घ्यायचं, लघवीची बॅग कशी रिकामी करायची, हे तिथे तुला शिकवलंय. डिस्चार्जच्या कागदांत एक शब्द असेल, 'ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया'. माणूस घरी येतोय या आनंदात तो शब्द वाचायचा राहून जातो. माझाही राहिला होता. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा झाली असेल, तर हा प्रकार कधीही उद्भवू शकतो. अपघाताला महिना होवो नाहीतर तीस वर्षं होवोत. तुमचे मामा, म्हणजे माझा भाऊ, टी-४ (छातीचा चौथा मणका), तुझा नवरा सी-६ (मानेचा सहावा). दोघंही त्यातच आले.

आधी कानमंत्र सांगून टाकते, पुढचं वाचायला वेळ मिळाला नाही तरी एवढ्यावर निभावेल. वर दुखलं की खाली बघ. डोकं ठणकतंय, चेहरा तापलाय, कपाळावर घामाचे थेंब आलेत, तर कपाळाला बाम चोळत बसू नकोस. त्याला ताठ बसव आणि पायावरची चादर उचल.

तुमचे मामा १९८८ च्या मे महिन्यात गुहागरला आंब्यावरून पडले, ती गोष्ट तुला ठाऊक आहे. पुढच्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट मात्र मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. गौरीजेवणाचा दिवस. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि हा नवा झब्बा घालून खुर्चीत बसलेला. दुपारी एकच्या सुमारास म्हणाला, "ताई, डोकं फार दुखतंय." मी म्हटलं, जरा आडवा हो. आपल्याकडे कुणाला काहीही झालं तरी पहिला उपाय तोच असतो ना! चौघांनी उचलून त्याला पलंगावर सपाट निजवलं. मी अमृतांजन लावलं, खिडकीचा पडदा ओढला. दहा मिनिटांत तो ओरडायला लागला. डोक्यात घण घालतायत म्हणाला. समोरचं दोन-दोन दिसतंय म्हणाला. कपाळावर माठाला पाझर फुटावा तसा घाम, आणि पायाला हात लावला तर पाय थंडगार.

टॅक्सीत मागच्या सीटवर आडवं घालूनच आम्ही त्याला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. म्हणजे जे करायचं नव्हतं ते दोनदा केलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी बीपी घेतलं, १५० वर ९५. म्हणाले, थोडं वाढलंय, टेन्शन असेल, सणाचं जेवण झालंय, गॅस असेल. पडून राहू द्या. त्याचं रोजचं बीपी ९५ वर ६० असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं ते मी, आणि मला तोवर ते विचारण्याइतकंही माहीत नव्हतं. शेवटी वॉर्डातल्या एका वयस्क सिस्टर आल्या. त्यांनी काहीही न विचारता चादर बाजूला केली, लुंगीची गाठ सोडली, त्याला बसवलं. नळी मांडीखाली दुमडली गेली होती. दुपारभर लघवीचा एक थेंब बॅगेत उतरला नव्हता. त्यांनी नळी सरळ केली आणि बॅग फुगत गेली. पंधरा मिनिटांत याचं डोकं उतरलं. मी त्या बाईंच्या पाया पडले. त्या मला एवढंच म्हणाल्या, "वर दुखलं की खाली बघायचं, ताई." ते वाक्य मी तेव्हापासून सांभाळून ठेवलंय, आता तुला देते आहे.

हे असं का होतं ते एकदा नीट समजून घे. आपल्या सोसायटीची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आण. खाली पंप, गच्चीवर टाकी, टाकीत फ्लोट. टाकी भरली की वायरीतून निरोप खाली येतो आणि पंप बंद पडतो. आता ती वायर मधल्याच मजल्यावर उंदरानं कुरतडली असं समज. टाकी भरून वाहायला लागली, वर सगळ्यांना कळलं, पण पंपाला कोण सांगणार? तो चालूच.

याच्या शरीरातही तेच. मूत्राशय भरलं की त्याची कळ वर मेंदूकडे निघते आणि इजेपाशी अडते. पण इजेच्या खालचा मज्जारज्जू मेलेला नसतो. त्याला काहीतरी बिघडलंय एवढं कळतं आणि तो आपल्या ताब्यातल्या पोटातल्या, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळून टाकतो. म्हणून पाय थंड आणि फिके. तिथलं रक्त वर रेटलं जातं, बीपी चढतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिन्यांना दाब वाढल्याचं कळतं, त्या मेंदूला कळवतात. मेंदू मग त्याच्या हाती जेवढं आहे तेवढं करतो. हृदयाची गती कमी करतो, चेहऱ्याच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्या सैल सोडतो. म्हणून वर चेहरा लाल, घाम, नाक चोंदलेलं, आणि नाडी मात्र संथ. 'खालच्यांनो, सैल व्हा' हा हुकूम मात्र खाली पोचत नाही. जोवर खालचं कारण दूर होत नाही तोवर पंप चालूच राहतो. बीपी दोनशेच्याही वर जाऊ शकतं. त्यातून फिट येते, मेंदूत रक्तस्राव होतो, माणूस जातो. घाबरवत नाही तुला. हे बरं होणारं दुखणं आहे, फक्त मिनिटांत बरं करायचं असतं.

तुला पहिलं काम सोमवारपासूनच लावून देते. रोज सकाळ-संध्याकाळ बीपी घ्यायचं, एकदा निजलेलं असताना, एकदा खुर्चीत बसल्यावर. पंधरा दिवस वहीत लिही. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या इजेत वरचा आकडा बहुधा ९० ते ११० च्या दरम्यान असतो. तो त्याचा घरचा आकडा. त्याच्यापेक्षा २० ते ४० नं वर गेला की ही वेळ आली असं समज. तुझ्या-माझ्यासारख्याला १३५ म्हणजे ठीकठाक. त्याला १३५ म्हणजे धोक्याची घंटा. ही एक गोष्ट तुला डॉक्टरांनासुद्धा सांगावी लागेल आणि न संकोचता सांगायची.

दुसरं, त्याची स्वतःची पहिली खूण कोणती ते ओळख. ती प्रत्येकाची वेगळी असते. कुणाच्या हातांवर काटा येतो, कुणाला उगाच भीती वाटायला लागते, कुणाला डोळ्यांपुढे ठिपके दिसतात. सावळ्या माणसाचा चेहरा लाल झालेला दिसत नाही, त्याच्या कानाच्या पाळ्यांना हात लावून बघायचं, गरम लागतात. तुमच्या मामांची खूण पार्ल्यातच जमणारी होती. आमच्या खिडकीतून पार्ले बिस्किटांच्या कारखान्याचा भाजका, गोडसर वास घरभर यायचा. हा मधेच म्हणायचा, "ताई, बिस्किटांचा वास बंद झाला." वास बंद झालेला नसायचा, याचं नाक चोंदलेलं असायचं. डोकं दुखायला लागायच्या आधी पाच-सात मिनिटं तो वास जायचा आणि मी हातातलं टाकून चादर उचलायला धावायची. २०१६ साली कारखानाच बंद झाला. लोकांना बालपण गेल्यासारखं वाटलं. मला आमची घंटा काढून नेल्यासारखं वाटलं. त्यानंतर मी त्याच्या उशाशी कापराची डबी ठेवायला लागले. आणि काही वेळा कुठलीच खूण न होता नुसतंच बीपी चढलेलं असतं, म्हणून 'आज जरा वेगळं वाटतंय' एवढं जरी तो म्हणाला तरी मशीन लाव.

आता प्रत्यक्ष काय करायचं. ताठ बसव, पलंगाची डोक्याकडची बाजू पूर्ण वर कर आणि पाय खाली सोड. बसवल्यानं थोडं रक्त पायांकडे उतरतं, तेवढाच दाब कमी होतो. मग जे जे आवळलेलं आहे ते सैल कर. पोटाचा पट्टा, पँटचं बटण, बॅग पायाला बांधलेला पट्टा, मोजे, बूट. एकदा नुसत्या नव्या मोज्यांच्या इलॅस्टिकनं आमच्याकडे हे घडलंय. बीपी दर दोन-तीन मिनिटांनी घेत राहा. घरात दुसरं कुणी असेल तर त्याच्या हाती मशीन दे आणि तू नळीकडे जा, कारण बहुतेक वेळा चोर मूत्राशयातच सापडतो.

बॅग भरलीय का? नळी कुठे दुमडली, पलंगाच्या कठड्यात चेमटली, मांडीखाली आली का? बॅग त्याच्या कमरेपेक्षा उंच तर ठेवलेली नाही? हे सगळं ठीक असूनही लघवी उतरत नसेल तर नळी आतून तुंबलीय. अशा वेळी पोटावर दाबायचं नाही, थोपटायचं नाही. आमच्या एका नातेवाइकानं मदत म्हणून ओटीपोट दाबलं होतं आणि बीपी तिथल्या तिथे आणखी तीसनं चढलं.

तुंबलेल्या नळीचं काय करायचं हे मला २६ जुलैनं शिकवलं. २००५ चा तो मंगळवार. आपल्या शेजारीच सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हे आपण दुसऱ्या दिवशी वाचलं. त्या दिवशी आम्हाला एवढंच कळत होतं की लाइट गेलेत, फोन लागत नाहीत आणि खाली गल्लीत कमरेइतकं पाणी आहे. आम्ही पार्ल्याच्या पूर्वेला. कूपर आणि नानावटी, दोन्ही दवाखाने पश्चिमेला. मधे रेल्वे, आणि रस्ते पाण्याखाली. संध्याकाळी सातला हा म्हणाला, नाक चोंदलं.

मेणबत्तीच्या उजेडात बघितलं, नळी सरळ, बॅगेत तळाशी जेमतेम वाटीभर, तेही गढूळ, पांढरी साकळ दिसत होती. बीपी १६०. त्याला उशांना टेकवून बसवलं, पाय पलंगावरून खाली सोडले. सलाईनची छोटी बाटली गार होती, गार पाणी आत गेलं की उलट जोर वाढतो, म्हणून ती मी दहा मिनिटं काखेत धरून बसले. कपाटातून डबा काढला. हातमोजे घातले, सिरिंजनं फक्त दहा सीसी सलाईन हळूच आत सोडलं. बाहेर काही आलं नाही. पुन्हा एकदा. नाही आलं. तिसऱ्यांदा जोर लावायचा मोह झाला होता, पण जोर लावायचा नसतो, नळी बदलायची असते. नळीच्या फुग्यातलं पाणी छोट्या सिरिंजनं काढून घेतलं, जुनी नळी काढली. नवी घालायच्या आधी झायलोकेन जेली आत सोडली आणि घड्याळात बघून दोन मिनिटं थांबले. ती दोन मिनिटं फार मोठी होती गं. हा दात आवळून बसलेला, मी मेणबत्तीकडे बघत बसलेले. पण तो भाग बधिर झाल्याशिवाय नळी घातली तर त्या घालण्यानंच दाब आणखी उसळतो. नवी नळी गेली, लघवी आली, आणि पहिल्यांदा तोच म्हणाला, "उतरतंय, ताई." पाऊण तासानं बीपी १०० वर आलं. रात्री बारापर्यंत मी दर पंधरा मिनिटांनी घेत होते, कारण एकदा उतरलं तरी दोन तास लक्ष ठेवावं लागतं. परत चढू शकतं, आणि मूत्राशय एकदम रिकामं झाल्यानं फार खालीही जाऊ शकतं.

हे मी एकटीनं केलं कारण दुसरा मार्ग नव्हता आणि नळी बदलायला मला सिस्टरांनी हात धरून शिकवलेलं होतं. तू शिकल्याशिवाय असलं धाडस करू नकोस. आता २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, फोन करायचाच. पण येणाऱ्या माणसांना दारातच सांग की त्याला बसवून न्यायचंय, स्ट्रेचरवर सपाट निजवायचं नाही. ते निजवायला बघतील, त्यांची सवय असते. तू हट्ट धर.

डबा तयार ठेव. त्याच्याच नंबरची नवी नळी दोन, नवी बॅग, हातमोजे, जेली, दहाची आणि पन्नासची सिरिंज, सलाईन, टॉर्च, बीपीचं मशीन आणि त्याचे जादा सेल. जेलीवरची तारीख दर संक्रांतीला आणि दर गणपतीला बघायची, मी तशीच लक्षात ठेवते. डब्यातली वस्तू घरात दुसऱ्या कशाला वापरायची नाही, अगदी टॉर्चसुद्धा.

मूत्राशय ठीक असेल तर पुढचा संशयित पोट. दोन दिवस शौचाला झालं नसेल तर खडा झालेला असतो. इथे घाई फार महागात पडते. आधी बीपी बघ. वरचा आकडा १५० च्या पुढे असेल तर बोट घालायला जाऊ नकोस, आधी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषध, मग तपासणी. १५० च्या आत असेल तर भरपूर जेली लावून काही मिनिटं थांब, मग हलक्या हातानं काढ. डोकेदुखी वाढली की तिथेच थांबायचं. त्यापेक्षा हा प्रसंग येऊच द्यायचा नाही. सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर अर्ध्या तासानं, रोज किंवा एक दिवसाआड, पण वेळ तीच. खाणं पोटात गेलं की आतडी आपोआप हलतात, त्याचा फायदा घ्यायचा. लग्नकार्य असो, पाहुणे असोत, ही वेळ मोडायची नाही. आमच्याकडे लोक हसायचे, मी हसू दिलं.

मग कातडी. बेडसोर, भाजलेलं, डास चावून चिघळलेलं, आणि पायाच्या अंगठ्याचं नख. नख गोलाईत कापलं की कोपरा मांसात घुसतो. त्याला दुखत नाही, पण त्याच्या मज्जारज्जूला ते कळतं. नखं सरळ काप. आमच्याकडे एकदा सगळं तपासून झालं, नळी ठीक, पोट ठीक, आणि बीपी उतरेना. शेवटी त्याला कुशीवर केलं तर दिवाळीच्या चकलीचा इवलासा तुकडा, काट्यासारखा, पाठीखाली रुतलेला. काढला आणि दहा मिनिटांत शांत. तेव्हापासून पलंगावर चकली बंद. त्याला राग आला होता, अजूनही येतो. तुझा नवरा जीन्स घालायला मागेल, तर मागच्या खिशाची बटणं आणि जाड शिवण उसवून टाक. गरम पाण्याची पिशवी त्याच्या अंगाला कधीच लावायची नाही आणि गरम चहाचा कप मांडीवर ठेवू द्यायचा नाही.

कधी कारण याहून खोल असतं. मूतखडा, पायाचं हाड मोडलेलं, पोटात अपेंडिक्स. त्याला पोट दुखल्याचं कळत नाही, डोकं दुखतं एवढंच तो सांगणार. म्हणून काही मिनिटांत कारण सापडलं नाही तर घरी थांबायचं नाही. आणि बीपी चढतच असेल, धूसर दिसत असेल, तो गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर कारण शोधतही बसायचं नाही, लगेच निघायचं.

औषधाबद्दल. बीपी लवकर उतरवणारी गोळी, फवारा किंवा मलम डॉक्टर आधीच लिहून देतात. कुठलं, किती, कोणत्या आकड्याला, हे सोमवारी निघण्यापूर्वीच त्यांच्याकडून कागदावर लिहून घे. आमच्याकडे निफेडिपिनची कॅप्सूल आहे, ती चावून गिळायची असते. पूर्वी जिभेखाली ठेवायला सांगायचे, आता तसं करत नाहीत. आणि एक गोष्ट सांगते, लाजू नकोस. तुम्ही दोघं तरुण आहात. तो व्हायाग्रासारखी गोळी घेत असेल तर ते डॉक्टरांना आणि कॅज्युअल्टीतही स्पष्ट सांगायचं. त्या गोळीवर नायट्रेटचं औषध दिलं तर बीपी इतकं कोसळतं की सावरणं कठीण. जवळीक झाल्यानंतर डोकं दुखलं तरी हाच प्रकार असू शकतो. संसार बंद करायचा नाही, फक्त माहीत असू दे. मुलींना पाळीच्या दिवसांतही असं होतं, आणि बाळंतपणात तर कळा जाणवतच नाहीत, नुसतं डोकं ठणकतं. अशी कुणी ओळखीची असेल तर तिच्या डॉक्टरांना आधीच गाठायला सांग.

आता याच्या अगदी उलट प्रकार. सकाळी निजलेल्याला पटकन खुर्चीत बसवलंस आणि तो पांढराफटक पडला, कानात शूं शूं होतंय म्हणाला, मान टाकली. इथे बीपी पडलेलं असतं. बसवायचं नाही. खुर्ची मागे झुकव, पाय उचलून धर, पाणी पाज. सुरुवातीच्या महिन्यांत हे रोज होईल. पोटाला पट्टा आणि पायांत घट्ट लांब मोजे घालून, डोकं थोडं थोडं वर करत बसवलं की होत नाही. घरात मोलकरीण, शेजारी, मावशीबाई, सगळ्यांना मी एकच शिकवलंय. तोंड तापलेलं तर डोकं वर, तोंड पांढरं तर पाय वर. आणि पट्टा-मोजे हे या वेळचे मित्र, त्या वेळचे शत्रू. डोकं दुखलं की पहिल्यांदा तेच काढायचे.

उन्हाळा तुला जड जाईल. इजेच्या खाली त्याला घाम येत नाही, त्यामुळे अंग थंड करायचा मार्गच बंद. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि एप्रिल-मेमध्ये ताप १०१ वर जातो आणि घरातले अँटिबायोटिक शोधायला लागतात. आधी पंखा, ओला पंचा मानेवर आणि काखेत, फवाऱ्याच्या बाटलीतून अंगावर पाणी, प्यायला कोकम किंवा साधं पाणी. अर्ध्या-पाऊण तासात उतरला तर तो हवेचा. नाही उतरला तर लघवीची तपासणी. बंद गाडीत त्याला पाच मिनिटंसुद्धा एकटं सोडू नकोस. कोकणात जाल तेव्हा निघतानाच बॅग रिकामी, मग वडखळला, मग माणगावला. वडा नंतर, बॅग आधी.

दवाखान्याची गोष्ट पुन्हा काढते, कारण तिथेच मी चुकले होते. त्याच्या पाकिटात, खुर्चीच्या खिशात आणि तुझ्या पर्समध्ये एक-एक कार्ड ठेव, इंग्रजीत छापलेलं, कॅज्युअल्टीतला डॉक्टर कुठल्याही राज्यातला असू शकतो. इजा कुठली, रोजचं बीपी किती, हा झटका काय आहे, बसवून ठेवा, नळी-पोट-कातडी तपासा, औषध कुठलं, कशाची ॲलर्जी. आवाज चढवायचा नाही, कार्ड पुढे करायचं. तरुण डॉक्टरांनी असा रुग्ण पाहिलेला नसतो, त्यांचा दोष नाही. ही बाब जगाला नीट कळली तीच मुळी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. इंग्लंडमध्ये स्टोक मँडविलला १९४४ साली डॉ. लुडविग गुट्मन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग काढला. १९४७ मध्ये त्यांनी आणि व्हिटरिज यांनी अशा रुग्णांचं मूत्राशय भरलं की बीपी कसं चढतं ते मोजून प्रसिद्ध केलं. त्याच गुट्मननी १९४८ मध्ये रुग्णांचे खेळ सुरू केले, त्यांचंच पुढे पॅरालिंपिक झालं. आणि तिथे १९७२ साली, जर्मनीत हायडेलबर्गला, आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात सुवर्णपदक घेतलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला जवान. तुझ्या नवऱ्याला हे सांग, त्याला पोहायला आवडायचं.

आणि खेळाकडे वळला तर हेही सांग की काही खेळाडू जोर यावा म्हणून मुद्दाम नळी बंद करून हा झटका आणवतात. चढलेल्या बीपीनं वेग वाढतो म्हणे. पॅरालिंपिकमध्ये त्यावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तुमच्या मामांनी हे ऐकलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले होते. मग म्हणाले, गौरीच्या दिवशीचं डोकं ज्याला माहीत आहे तो असं करणार नाही.

एक वही घाल. प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ, आकडा, आणि शेवटी कारण काय निघालं. सहा महिन्यांनी वाचलंस तर तुझ्या घरातला चोर कुठून येतो ते दिसेल. आमच्या वहीत दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला नळी तुंबल्याची नोंद दिसली, तेव्हा आम्ही डॉक्टरांना विचारून नळी तिसऱ्या आठवड्यालाच बदलायला लागलो, आणि झटके निम्म्यावर आले.

रविवारी सकाळी सातला इकडे ये. याची नळी बदलायचा दिवस आहे. मी शेजारी उभी राहीन, पण हात तुझे चालले पाहिजेत. मी त्याला विचारलंय. तो म्हणाला, "माझ्यावर शिकू दे तिला. मला थोडंच दुखणार आहे, आणि चुकली तर बीपीचं मशीन आहेच." स्टेशनवरून रिक्षा करू नकोस, चालत दहा मिनिटं. येताना नखं कापून ये.